राखीव खोक्यातले खुनी

या, जरा जवळ सरका. भिंतीला टेकून बसा, पाय मोकळे सोडा, मनातली घाई दाराबाहेर ठेवा. आज एक सूडाची गोष्ट सांगायची आहे. सूड म्हटला की पातं आलं, आणि ते इथेही आहे. पण रक्ताचा थेंब सांडत नाही. तरी ज्याला जिथे लागायचं तिथे ते बरोबर लागतं. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

१

सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात जुन्या पुस्तकांची विक्री लागली होती. योजना सोपी होती. एक कापडी पिशवी घ्यायची, तिचा एकदाच भाव द्यायचा आणि तीत मावतील तेवढी पुस्तकं न्यायची. वर एक अट होती: पिशवीचे बंद एकमेकांना मिळायला हवेत.

निवृत्त मास्तरीणबाईंनी ही विद्या अनेक विक्र्यांमध्ये पक्की केली होती. जाडजूड पुस्तकं खाली उभी, मधली आडवी, आणि फटींमध्ये बारकी पुस्तकं सुरनळी न करता सरकवायची. शेजारचे गृहस्थ पुस्तकं कांदेबटाट्यांसारखी ओतत होते, ते पाहून बाईंच्या काळजाला घरं पडत होती.

"मावशी, पिशवी फाटेल गं!" टेबलामागून भाची म्हणाली. भाची म्हणजे इथली ग्रंथपाल. आई गेल्यापासून मावशीच तिचं माहेर.

"फाटली तर शिवीन. मला सांग, ते विषाच्या बाटलीचं पुस्तक कुठाय? बाद केलेल्या गठ्ठ्यात आहे म्हणाली होतीस."

"काल इथेच होतं की!" भाचीने गठ्ठा खालीवर केला. "गेलं वाटतं कुणाच्या पिशवीत. काय फसवलंय त्यात, मावशी! मी तर त्या कंपाउंडरवर पैज लावली असती, आणि शेवटी—"

"गप! पुढे एक अक्षर बोललीस तर जेवायला वाढणार नाही."

दोघी हसल्या. भाचीच्या डोक्यावर भिंतीवर दोन पाट्या होत्या, दोन्ही जांभळ्या पेन्सिलीने कोरून लिहिलेल्या. एक: "विकलेले पुस्तक परत घेतले जाणार नाही. इत्यलम्." दुसरी: "वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्याचे सभासदत्व तत्काळ रद्द. इत्यलम्." हे हस्ताक्षर अध्यक्षांचं, आणि शब्दही त्यांचाच. अध्यक्ष पूर्वी वकिली करत. इत्यलम्, म्हणजे एवढं पुरे, असं म्हटल्यावर पुढे कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा खाक्या. चहाला साखर किती हे सांगतानाही शेवटी इत्यलम्. भाची त्यांची नक्कल हुबेहूब करी आणि शिपायापासून सभासदांपर्यंत सगळे पोट धरून हसत. तिला ठाऊक नव्हतं की ते हसू कधीचंच अध्यक्षांच्या कानावर गेलं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अध्यक्ष छातीशी भलामोठा खोका कवटाळून आत आले. चेहरा लालबुंद, झोप न झाल्याने डोळे तांबारलेले. खोका टेबलावर आदळून ते गरजले:

"माझे खुनी कुठे आहेत?"

२

पिशव्या भरणारे हात जागच्या जागी थांबले.

झालं होतं ते असं. विक्रीच्या आदल्या दिवशी कोणीतरी रहस्यकथांचा एक खोका देणगी म्हणून मागच्या खोलीत आणून ठेवला होता. देणाऱ्याचं नाव नाही. दरवर्षी दारं उघडण्याआधी अध्यक्ष एक फेरी मारत आणि सगळ्यात चांगला माल स्वतःसाठी बाजूला काढत. यंदा त्यांनी याच खोक्यावर चिठ्ठी डकवली, "राखीव. इत्यलम्," आणि एका पिशवीच्या भावात अख्खा खोका घरी नेला. रात्री पहिलं पुस्तक हाती घेतलं. गोष्ट रंगात आली, सगळे पाहुणे दिवाणखान्यात जमले, गुप्तहेराने बोट उचललं, "खुनी या खोलीतच आहे, आणि तो म्हणजे", आणि पुढचं पान नाही. दुसरं पुस्तक उघडलं, तेच. तिसरं, तेच. एकूण एक पुस्तकातून खुनी गायब!

"आणि हे बघा!" अध्यक्षांनी एक पुस्तक उघडून नाचवलं. कापलेल्या जागेच्या आधीच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: इत्यलम्.

"प्रत्येक पुस्तकात! माझाच शब्द माझ्या तोंडावर!" त्यांची नजर भाचीवर आली. "मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, ताई? माझी नक्कल कोण करतं? दुपारी कार्यकारिणी बसतेय. तिथे राजीनामा आणा, नाहीतर मी काढायला लावतो. माझा पुतण्या रिकामाच आहे, वाचनालय काही बंद पडत नाही."

भाचीने डोळे पुसले. "साहेब, मी पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा दुमडत नाही हो."

"इत्यलम्!"

मास्तरीणबाईंनी आपली भरलेली पिशवी सावकाश खाली ठेवली. आतून मात्र त्या पेटल्या होत्या. माझ्या लेकराला चार लोकांत रडवतोस काय, थांब, असं त्यांच्या मनात घुमत होतं. तोंडाने त्या गोडच बोलल्या.

"अध्यक्षमहाराज, दुपारपर्यंत हा खोका माझ्याजवळ राहू द्या."

"तुम्ही काय करणार?"

"जन्मभर केलं तेच. पेपर तपासणार, आणि कॉपी कुणी केली ते शोधणार."

३

मागच्या खोलीत खोका मधोमध ठेवून बाईंनी आधी माणसं तपासायला घेतली.

पहिला आला रद्दीशेठ, जुन्या पुस्तकांचा व्यापारी. दरवर्षी दार उघडायच्या आधीच रांगेत उभा, आणि दरवर्षी चांगला खोका अध्यक्षांच्या घरी गेलेला.

"राग आहे ना अध्यक्षांवर?"

"आहे की! लपवू कशाला?" शेठ मांडी ठोकून म्हणाला. "माझ्या ताटातलं उचलतो तो माणूस. पण बाई, मी पुस्तक कापीन? पान कापलं की वजन कमी होतं! आणि मला काय ठाऊक आत कोण कुणाला मारतो ते. मी कव्हर बघतो, वास घेतो आणि काट्यावर टाकतो."

दुसरे आले घड्याळजी. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. सडपातळ, मितभाषी माणूस. दरवर्षी विक्रीला खोके उचलायला आपणहून येत.

"खोके तुम्हीच लावलेत?"

"हो."

"हा खोका कुणी आणला, पाहिलंत?"

"खोके पुष्कळ येतात, बाई." त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, मागचं कव्हर अंगठ्याने पुसलं आणि परत ठेवलं. "ही चांगली पुस्तकं आहेत. त्या जिन्यावरच्या काठीच्या आवाजाचं तर फारच."

"वाचलीत वाटतं सगळी?"

"वाचली नाहीत. माझे डोळे दिवसभर भिंगात. ऐकली."

"कुणाकडून?"

"घरातून," एवढंच म्हणून ते पुढचा खोका उचलायला गेले.

तिसरी भाची. ती रडून मोकळी झाली होती आणि आता रागाने धुमसत होती. "मावशी, मी नक्कल केली, ते खरं. पण देवाशपथ सांगते, पातं लावलं नाही. मनात आलं असतं तर त्यांच्या कोटाला लावलं असतं, पुस्तकांना नाही."

"अशी उत्तरं कार्यकारिणीत देऊ नकोस," बाई म्हणाल्या, आणि दार लावून त्यांनी खोक्यात हात घातला.

काप पाहून त्या चकित झाल्या. खालच्या पानावर ओरखडा नाही, कडा दोऱ्यासारखी सरळ. शिवाय प्रत्येक पुस्तकात काप वेगळ्याच जागी, आणि यातली बरीच पुस्तकं बाईंनी पूर्वी वाचलेली होती. कुठे शेवटची पानं गेली होती. कुठे मधल्याच प्रकरणातलं एकच पान, कारण त्या गोष्टीत खुनी लवकर कळतो आणि पुढे नुसता पाठलाग आहे. एका पुस्तकात खुन्याचं नाव सगळ्यात पुढच्या अर्पणपत्रिकेत लपवलेलं होतं, तर तेही पान नेमकं काढलेलं. ज्याने हे केलं त्याला ही पुस्तकं पाठ होती.

"सगळी उत्तरं बरोबर," बाई पुटपुटल्या. "बरोबर उत्तरांवरून कुणी सापडत नाही. बाळा, चूक कुठे केलीस ते दाखव."

खोक्याच्या अगदी तळाशी ते पुस्तक होतं. बाकीच्या कुठल्याच पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का नव्हता. याच्यावर होता, आणि त्यावर आडवा "बाद" असा दुसरा. सकाळपासून हरवलेलं विषाच्या बाटलीचं पुस्तक!

बाईंनी ते उघडलं. काप होता, खाली इत्यलम् होतं. डॉक्टरांच्या कंपाउंडरला अटक होते ती पानं काढलेली. पण त्यानंतरचं अखेरचं प्रकरण शाबूत होतं. बाईंनी मन घट्ट करून ते वाचलं, आणि त्यांचे हात थांबले. त्या प्रकरणात कंपाउंडर सुटतो. विष देणारी निघते डॉक्टरांची सख्खी बहीण. खरा खुनी पानावर जसाच्या तसा बसलेला! कापणाऱ्याने भलत्यालाच उचलून नेलं होतं.

एवढी पुस्तकं अचूक, आणि इथे चूक?

त्यांनी पुस्तक पहिल्या पानाशी आणलं. गोष्ट सुरू होते त्या ओळीच्या वर, जांभळ्या पेन्सिलीने, कोरून लिहिलेलं होतं:

"विष कंपाउंडरने दिले. इत्यलम्."

४

वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर बाई कधी संशय घेत नसत. पण दोघांनी एकच चूक केली, की एकाने दुसऱ्याचं पाहिलंय हे ठरलेलं. इथेही तेच. पेन्सिलीने कंपाउंडर म्हटलं, आणि पात्यानेही कंपाउंडरच धरला. म्हणजे कापणाऱ्याने हे पुस्तक वाचलेलंच नव्हतं. त्याने पहिल्या पानावर विश्वास ठेवला होता.

क्षणभर बाईंना वाटलं, अध्यक्षांनीच तर नाही? ताईला काढून पुतण्याला बसवायला? कल्पना इतकी गोड होती की त्यांनी ती जिभेवर घोळवून पाहिली. पण खोका अध्यक्षांना नवा होता. न वाचलेल्या पुस्तकांत त्यांचं पातं नेमक्या पानावर कसं पडेल? मोठ्या नाइलाजाने त्यांनी तो मोह सोडला.

मग त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. प्रश्न एकच: विषाच्या बाटलीच्या गोष्टीत खुनी कोण?

"डॉक्टरांची बहीण," भाची म्हणाली. "सकाळी सांगत होते तर ओरडलीस!"

म्हणजे भाची सुटली. तिला खरं उत्तर येत होतं.

"कसली बाटली?" रद्दीशेठ म्हणाला. "काचेची असेल तर बाजूला काढा, वेगळा भाव आहे."

तोही सुटला.

"घड्याळजी कुठे गेले गं?"

"दुकानात. ते आता थांबत नाहीत दिवसभर. वहिनी होत्या तेव्हा दोघं यायचे."

"वहिनी?"

"त्यांच्या बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो. गेल्या वर्षी गेल्या बिचाऱ्या. ते घड्याळं उघडून बसायचे आणि त्या शेजारी बसून मोठ्याने रहस्यकथा वाचायच्या. काय वाचायच्या, मावशी! गिऱ्हाईक घड्याळ घ्यायला यायचं आणि प्रकरण संपेपर्यंत हलायचं नाही."

'घरातून.' तो शब्द आता बाईंच्या कानात टोल्यासारखा वाजला. पुस्तक पदराखाली धरून त्या समोरच्या गल्लीत गेल्या.

दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं आणि ते एका तबकडीवरचे पुसट आकडे बारीक कुंचल्याने पुन्हा काढत होते. मुंगीच्या पावलांएवढे आकडे. त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल होतं. रिकामं, पण स्वच्छ पुसलेलं.

"घड्याळजी, विषाच्या बाटलीच्या गोष्टीत खुनी कोण हो?"

मान वर न करता ते म्हणाले, "कंपाउंडर."

५

मग त्यांनी कुंचला ठेवला. बाईंच्या पदराखालच्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि सगळं समजले.

"मी निघालोच होतो," ते म्हणाले. "ताईंवर आळ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त तो अध्यक्ष दिसत होता." त्यांनी अंगावरचा कोट दाखवला, खिसा कापलेल्या पानांनी फुगला होता. "हे तिथे ठेवतो आणि सांगतो, मी केलं."

"आधी मला सांगा. का केलंत?"

त्यांनी रिकाम्या स्टुलावर हात फिरवला. 

"ती अंथरुणाला खिळली, तरी वाचायची. मी पलंगाशी काम घेऊन बसायचो. घरातली पुस्तकं संपली तेव्हा वाचनालयातून हे आणलं. तिने उशा नीट केल्या, घसा साफ केला, आणि पहिलं पान उघडून तशीच थांबली. मी म्हटलं, वाच ना. तर म्हणाली, 'अहो, कुणीतरी आधीच सांगून टाकलं.' तिने पुस्तक मिटलं. त्यानंतर तिने कुठलंच उघडलं नाही. गोष्टच नाही, तर उद्याची वाट कशाला बघायची, असं म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली."

"आणि तुम्ही तो शब्द ओळखलात."

"गावात एकच माणूस तसा बोलतो." त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातला चिमटा वाकला. "त्याने तिची शेवटची गोष्ट खाल्ली, बाई. मला त्याला मारायचं नव्हतं. मला त्याला पुढे काय झालं ते न कळण्याच्या आगीत ठेवायचं होतं. आमच्या घरची सगळी पुस्तकं भरली. खोका चांगला दिसला की तो उचलणार, हे ठाऊक होतं. मग बाद गठ्ठ्यात हे दिसलं. म्हटलं, हेही जाऊ दे. मी चाळलं, कंपाउंडरला धरतात ती पानं सापडली, तेवढी कापली. पुढचं वाचवेना."

बाई रिकाम्या स्टुलावर बसल्या. आता जे सांगायचं होतं ते सांगावं की नाही, याचं त्यांना भय वाटलं. पण खोटं उत्तर बरोबर म्हणून सोडून देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"घड्याळजी, कंपाउंडर निर्दोष आहे."

भिंग गालावरून घरंगळलं आणि टेबलावर पडलं.

"काय म्हणालात?"

"शेवटच्या प्रकरणात तो सुटतो. खुनी दुसरंच कुणी आहे."

"म्हणजे... तिला जे सांगितलं..."

"ते खोटं होतं. वहिनींनी वाचलं असतं तर त्या शेवटपर्यंत फसल्या असत्या. सगळी गोष्ट शाबूत होती."

तो सडपातळ माणूस दोन्ही हात टेबलावर टेकून उभा राहिला, आणि असा रडला की भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज ऐकू येईना. मग त्यांनी तोंड धुतलं, कोटाची गुंडी लावली आणि म्हणाले, "चला, बाई. आता मला फक्त पानं टाकून परत यायचं नाही."

६

कार्यकारिणी सभागृहातच बसली होती. पिशव्या भरणारी माणसंही कान देऊन उभी होती. कापलेली पानं घड्याळजींनी टेबलावर मांडली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मी कापली. ताईंचा काही संबंध नाही."

"पोलीस बोलवा!" अध्यक्ष उसळले.

"कशासाठी?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "स्वतःच्या घरची पुस्तकं त्यांनी कापली आणि देणगी दिली. तुम्ही न उघडता उचलली. परत करायचीत? पाटी वाचा. विकलेले पुस्तक परत घेतले जाणार नाही. पुढचा शब्द तुम्हीच म्हणा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"एक पुस्तक मात्र वाचनालयाचं होतं." बाईंनी ते उघडून कार्यकारिणीपुढे धरलं. "अक्षर ओळखा. आता दुसरी पाटी वाचा."

सभासद एकदा पानाकडे, एकदा भिंतीकडे पाहू लागले. जांभळं आणि जांभळं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"त्यात काय एवढं?" ते चाचरले. "लोक एकेक पुस्तक महिनोन्महिने अडवून ठेवतात. नाव कळलं की पटकन परत आणतात. मला नवीन वाचायला मिळावं म्हणून दोन शब्द..."

"म्हणजे पुष्कळ पुस्तकांत लिहिलंत?"

अध्यक्षांनी पुस्तकाकडे हात नेला, तो बाईंनी अडवला.

"आणि चुकीचं का लिहिलंत? विष कंपाउंडरने दिलंच नाही."

"दिलं! अटक झाली ना त्याला? अटक झाली की मी पुस्तक मिटतो. पुढे नुसतं पाल्हाळ."

"हाच तुमचा गुन्हा," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात गोडवा उरला नव्हता. "गोष्ट संपायच्या आधी पुरे म्हणायचं. पुस्तकात तेच, आणि माझ्या भाचीच्या बाबतीतही तेच."

त्याच बैठकीत सभासदत्व गेलं. अध्यक्षपदही त्याच्यामागून गेलं. भाचीची खुर्ची जागच्या जागी राहिली. पण सूड अजून पुरा झाला नव्हता. जाता जाता तो माणूस दारात थबकला. रात्रभर छळणारा प्रश्न त्याच्या ओठांवर आला.

"निदान एवढं सांगा," तो जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला. "तो जिन्यावरचा काठीचा आवाज... कुणाचा?"

निम्म्या सभागृहाला ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. रद्दीशेठ म्हणाला, "मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं."

मग घड्याळजी पुढे झाले. त्यांनी खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवला. "कपाटं तिकडे आहेत. लिहिलेलं सगळं पुसून काढा. एक पुस्तक साफ झालं, ताईंनी तपासलं, की एक पान मिळेल. एका वेळी एकच."

तेव्हापासून माजी अध्यक्ष वाचनालयाच्या कोपऱ्यात, ताईंच्या नजरेसमोर, मान खाली घालून खोडत बसू लागले. काठी कुणाची हे त्यांना कळलं तेव्हा ऋतू बदलला होता.

विषाच्या बाटलीचं पुस्तक मात्र खोक्यात परत गेलं नाही. घड्याळजींनी त्याची पानं पुन्हा चिकटवली आणि पहिल्या पानावरची जांभळी ओळ स्वतः पुसली. मास्तरीणबाई भाचीला घेऊन दुकानात गेल्या, त्या रिकाम्या स्टुलाला नमस्कार करून त्यावर बसल्या आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागल्या. गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. घड्याळजी भिंग लावून काम करत होते. कंपाउंडरला अटक झाली तिथे बाई थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं.

"थांबू नका," ते म्हणाले. "ती इथे थांबली नसती."

तर एवढं माझं मागणं आहे. पुढे कधी कोणी एखादी गोष्ट अर्ध्यावर तोडून तुम्हाला म्हणालं, पुरे, कळलं सगळं, तर घड्याळजींच्या त्या वहिनींची आठवण ठेवा, आणि त्यांच्यासाठी एक पान पुढे उलटा.